गरोदर बाईला एकदा तिच्या हातांबद्दलही विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात गरोदर बायांच्या आहारावर, रक्त कमी असण्यावर बरंच छापून येतं, आम्ही वाचतो पण. हातांबद्दल मात्र मी कधी एक ओळ वाचली नाही, म्हणून हे लिहून राहिली आहे. मी नागपुरात महाल भागात राहते, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. माझी मुलगी आता पाच महिन्याची झाली, म्हणजे ऐन उन्हाळ्यात मला आठवा-नववा होता.

सातवा संपता संपता सुरू झालं. रात्री दोन-अडीचला झोप मोडायची, उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या बाजूचं बोट आणि मधलं बोट इतके जड व्हायचे की माझे वाटायचेच नाही, आतून झिणझिण्या, कधी चटके, करंगळी मात्र ठणठणीत. मग मी पलंगाच्या कडेला बसायची आणि हात खाली सोडून झटकायची, थर्मामीटर झटकतात ना तसा, पाच-दहा मिनिटांत बरं वाटायचं, डोळा लागला की पुन्हा तेच. कूलर घरघर करून राहिला, सारं घर झोपलेलं आणि मी हात झटकत बसलेली, असे दीड महिना काढले. सकाळी सुईत धागा ओवायला गेली की सुई चिमटीत आहे की खाली पडली हेच कळायचं नाही. लग्नसराईतले ब्लाऊज होते, त्यांची हुकं मी सासूबाईंकडून लावून घेतली. ज्या बाईचं पोट हातावर आहे तिला हे काय वाटतं ते लिहून सांगता येत नाही.

तपासणीच्या वेळी सांगितलं तर "प्रेग्नन्सीत होतं असं, डिलिव्हरीनंतर जाईल" एवढंच ऐकायला मिळालं, माझ्या हाताकडे कोणी पाहिलंही नाही. बरं, ते खोटं नव्हतं, बहुतेक बायांचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतंच. पण तोवरच्या रात्री? मग मी मेडिकल स्टोअरमधून दुखण्याची गोळी मागितली, काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता डायक्लोफेनॅकची पट्टी काढून दिली, पोट दिसत होतं तरी. बरं झालं मी त्या दिवशी खाल्ली नाही. नंतर कळलं की पाचव्या महिन्यानंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. बायांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून अशी गोळी घेऊ नका, अगदी साधी पॅरासिटामॉल असली तरी विचारूनच घ्या.

घरात वेगळंच चाललं होतं. सासूबाई म्हणाल्या वात आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या अंगात पाणी भरलं, तू पाणी कमी पी. त्या मायेनंच सांगत होत्या, पण मे महिन्याच्या नागपुरात पोटुशीनं पाणी कमी प्यायचं म्हणजे दुसरंच दुखणं ओढवून घेणं आहे, सूज काही त्यानं उतरत नाही.

शेवटी नणंदेनं ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेलं आणि पहिल्यांदा कोणीतरी माझा हात हातात घेऊन पाहिला. त्यांनी समजावलं ते असं, की मनगटात एक बोगदा असतो, खाली हाडं, वरून एक जाड पट्टा, आणि त्या एवढ्याशा जागेतून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मोठी नस जाते. गरोदरपणात अंगात पाणी साचतं, आतलं सगळं फुगतं, दिवाळीच्या दिवसांत इतवारीतल्या गल्लीत गाडी अडकते तशी ती नस दाबली जाते. तीच नस अंगठा आणि बाजूच्या दोन-अडीच बोटांना जाते म्हणून करंगळी सुटते. नाव कार्पल टनल सिंड्रोम. झोपेत आपण मनगट आत मुडपून घेतो, बोगदा अजून आवळतो, म्हणून रात्री जास्त. मला तर हे ऐकूनच अर्धं बरं वाटलं, वेड लागलं नाही हे तरी कळलं.

त्यांनी रात्री बांधायचा मनगटाचा पट्टा सांगितला, स्प्लिंट म्हणतात. मी आणला, बांधला, दोन रात्री काही फरक नाही. तो घेऊन परत गेली तर ताईंनी तळव्याकडची शिवण उघडून आतली ॲल्युमिनियमची पट्टी बाहेर काढली, ती वर वाकलेली होती, ती टेबलाच्या काठावर दाबून सपाट केली आणि परत घातली. मनगट ना आत ना बाहेर, सरळ रेषेत पाहिजे, त्यातच नसेला सगळ्यात जास्त जागा मिळते. आणि घट्ट आवळायचं नाही, खालून एक बोट गेलं पाहिजे. त्या रात्री मी पाच तास सलग झोपली. आठवड्याभरात रात्रीचं उठणं एकदावर आलं. हे पट्टीचं दुकानदार सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

बाकी कामात बदल केले. कपडे पिळणं नवऱ्याकडे दिलं, कणिक सासूबाईंनी घेतली, कात्री दर अर्ध्या तासानं खाली ठेवायची, मोबाईल हातात धरून पडायचं नाही, झोपताना हात उशीवर उंच. डिलिव्हरी जवळ असलेल्या बायांना रस्त्यातले खड्डे आणि ॲक्टिव्हाचं हँडल हेही सोसत नाही, त्यांनी मागं बसावं. एक गोष्ट मनात राहिली, माझ्या ओटीभरणात हिरव्या बांगड्या साबण लावून लावून घातल्या, हात इतका सुजला होता की काढताना रडू आलं, शेवटी फोडाव्या लागल्या. हौस करा, पण बांगड्या एक नंबर मोठ्या घ्या आणि बोटातल्या अंगठ्या सातव्यातच काढून ठेवा.

हे सगळं सांगताना एक भीती पण सांगायलाच पाहिजे. हातापायाला रोज थोडी सूज वेगळी. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं फार दुखतं, डोळ्यापुढे काजवे किंवा अंधारी, छातीखाली पोटात दुखतं, तर ते हाताचं दुखणं नाही, बीपीचं असू शकतं, रात्रीच दवाखान्यात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही. बधिरपणा दिवसभर राहायला लागला किंवा अंगठ्याची ताकद गेली, तरी थांबू नका, त्यावर पुढचे उपाय आहेत, डॉक्टर इंजेक्शनही देतात.

बाळंतपणानंतर माझा बधिरपणा तीन आठवड्यांत गेला, पण मग अंगठ्याच्या बाजूनं मनगट दुखायला लागलं, ते बाळाला दोन्ही काखेत अंगठे ताणून उचलल्यानं. ते वेगळं दुखणं आहे, डी क्वेर्व्हेन म्हणतात. बाळाच्या खालून दोन्ही तळवे सरकवून उचललं आणि पाजताना मांडीवर उशी घेतली तर पुष्कळ फरक पडतो, मी तेच केलं.

आता माझी विनंती. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, बीपी पाहतात, वजन, रक्त, लघवी पाहतात. त्यातच एक प्रश्न जोडा, "रात्री हात बधिर होतात का?" विचारायला अर्धं मिनिट लागतं. डागा, मेडिकल, मेयो या आमच्या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या बायांना, आणि वस्तीतल्या केंद्रात येणाऱ्यांना, गरज असेल तर तो साधा पट्टा तिथल्या तिथं मिळाला पाहिजे आणि बांधायचा कसा हे दाखवलं पाहिजे. आशाताई तर घरोघरी जातात, त्यांना हे एकदा शिकवून ठेवलं तर आमच्यासारख्या कोणाला दीड महिना जागावं लागणार नाही. माझा पट्टा धुऊन आमच्या गल्लीतल्या एका पोरीला दिला, तिला आठवा लागला आहे, पट्टी सपाट करूनच दिली.

आपली वाचक,
एक शिलाईकाम करणारी आई
महाल, नागपूर
(नाव कृपया छापू नये)