वाढपी स्तेफन

संपादक महोदय,

२६ डिसेंबरला संत स्तेफनचा सण येतो. दगडमार सोसून मेलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा, एवढीच त्याची ओळख दरवर्षी छापून येते. पण त्याला निवडलं गेलं ते पंगतीच्या व्यवस्थेसाठी, हे कुणी सांगत नाही.

बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेममधलं एक भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जातं, अशी कुरकुर सुरू झाली. येशूच्या बारा प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, की वाटप स्वतःच्या मुठीत आवळून धरलं नाही. सर्वांना बोलावून ‘सात जण तुम्हीच निवडा’ म्हणाले. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक! त्यातला अंत्युखियाचा नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती कोठार गेलं. आपल्याकडे अशा वेळी चौकशी समिती नेमतात, तीही आपल्याच माणसांची.

मूळ ग्रीकमध्ये अन्नवाटप आणि वचनाची सेवा, म्हणजे उपदेश, या दोन्हींसाठी ‘दियाकोनिया’ हा एकच शब्द आहे, हेही मला फार बोलकं वाटतं.

ही रीत पुढेही टिकली. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचे बिशप कर्नेलियुस एका पत्रात तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा हिशेब देतात: ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू), ७ डीकन (म्हणजे त्या सातांसारखे सेवक) आणि पोसल्या जाणाऱ्या विधवा व गरजू १५०० हून अधिक.

— एक वाचक, वसई