पडद्यावर दिसले म्हणजे परत आले नव्हे

महोदय,

बारावी आणि डिप्लोमाच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या की जर्नलमध्ये आउटपुटच्या प्रिंट चिकटवायची घाई सुरू होते. पडद्यावर बरोबर आकडा आला की प्रोग्रॅम बरोबर, असा सगळ्यांच्या सोयीचा हिशेब. फंक्शनने (प्रोग्रॅममधल्या, नावाने बोलावता येणाऱ्या तुकड्याने) उत्तर नुसते पडद्यावर दाखवले की पुढच्या हिशेबासाठी परत दिले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत क्षेत्रफळ काढणारे फंक्शन घ्या. लांबी-रुंदीचा गुणाकार आणि शेवटच्या ओळीत प्रिंट, म्हणजे पडद्यावर छापण्याची आज्ञा. 4 आणि 5 दिले की 20 छापून येतात, सही मिळते. आता दोन खोल्यांचे एकूण क्षेत्रफळ काढायला याच फंक्शनला दोनदा बोलवा आणि मध्ये अधिकचे चिन्ह टाका. दुसरी खोली 2 बाय 3 ची. पडद्यावर 20 येतात, 6 येतात आणि पाठोपाठ टाइप-एरर, कारण बेरीज 20 आणि 6 ची झालीच नाही. ज्या फंक्शनमध्ये रिटर्न, म्हणजे उत्तर परत देण्याची आज्ञा, नाही त्यातून पायथॉन गुपचूप 'नन' (काहीच नाही) परत पाठवतो, आणि दोन 'नन'ची बेरीज होत नाही. विद्यार्थ्याने आकडे डोळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून तो चूक बेरजेच्या ओळीत शोधत बसतो. बँकेच्या खिडकीवर शिल्लक मोठ्याने वाचून दाखवली आणि पासबुक कोरेच परत केले, तसा हा प्रकार. प्रिंटच्या जागी रिटर्न लिहा आणि प्रिंट बाहेर, फंक्शनला बोलावणाऱ्या ओळीत न्या, की 26 मिळतात.

याच जातीच्या चुका इतरत्रही भेटतात. पायथॉनची सॉर्ट ही मेथड (यादीचे स्वतःचे फंक्शन) यादी जागच्या जागी क्रमाने लावते आणि 'नन' देते. तिचे उत्तर पुन्हा त्याच यादीच्या नावात साठवले की यादीच हातची जाते. नवी यादी हवी तर सॉर्टेड वापरायचे. जावा भाषेत उलटा मामला आहे. तिथे स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) मुळात बदलतच नाही, त्यामुळे कडेची मोकळी जागा काढणाऱ्या ट्रिमने दिलेली नवी स्ट्रिंग कशात तरी धरून ठेवली नाही तर नावामागची मोकळी जागा तशीच राहते. जावास्क्रिप्टमध्ये रिटर्न लिहून एंटर दाबला आणि किंमत खालच्या ओळीत लिहिली, तर भाषा स्वतःच तिथे अर्धविराम धरते आणि 'अनडिफाइन्ड' (किंमत ठरलेली नाही) परत येते. एररही दिसत नाही.

सी ही भाषा शिकवताना इनपुट वाचणारा स्कॅन-एफ सगळेच वापरतात, पण तो स्वतः काही परत देतो हे थोड्यांनाच ठाऊक असते. किती किमती वाचता आल्या तो आकडा तो देतो. एक पूर्णांक मागितला आणि वापरणाऱ्याने '5' ऐवजी अक्षरे टाइप केली, तर 0 परत येतो, व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या जागेत) आधीचे जे काही असेल ते तसेच राहते आणि ती अक्षरे बफरमध्ये, म्हणजे इनपुटच्या तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतात. भोवती लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) असला की पुढच्या फेरीत तीच अक्षरे पुन्हा आडवी येतात आणि प्रोग्रॅम गरगरत राहतो. मग 'पीसी हँग झाला' म्हणून रीस्टार्ट! उपाय दोन ओळींचा आहे. परत आलेला आकडा 1 आहे का पाहायचे, नसेल तर ओळ किंवा इनपुट संपेपर्यंत एकेक अक्षर वाचणाऱ्या गेट-चारने ती काढून टाकायची.

परत आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हा यापुढचा प्रश्न, आणि तिथे भलेभले चुकले आहेत. ओपन-एसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले डिजिटल सही तपासणारे एक फंक्शन तीन उत्तरे देते : सही खरी तर 1, खोटी तर 0, तपासतानाच काही बिघडले तर -1. कोडमध्ये काही ठिकाणी 'शून्य नाही ना, मग खरी' अशी अट लिहिलेली होती. -1 शून्य नाही, म्हणून बिघडलेली सहीसुद्धा खरी ठरत होती. जानेवारी 2009 मध्ये ही चूक जाहीर झाली. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलच्या आयफोन आणि मॅकमधली, सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमधली चूक उघड झाली. 'फेलकडे जा' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसरीला अट नव्हती, त्यामुळे सहीची खरी तपासणी टाळून फंक्शन थेट शेवटी पोचे. एररच्या व्हेरिएबलमध्ये तोवर 0 होता, तोच परत जाई, आणि तिथे 0 म्हणजे 'सर्व ठीक'.

वेबसाइटची तऱ्हाही वेगळी नाही. फॉर्म भरल्यावर सर्व्हर 200, म्हणजे 'काम झाले', हा स्टेटस कोड पाठवतो आणि आतल्या मजकुरात 'नोंद झाली नाही' असे लिहितो. फक्त कोड पाहणारा प्रोग्रॅम हिरवी बरोबरची खूण दाखवून मोकळा. माहिती चुकीची असेल तर 400, तीच नोंद आधी झालेली असेल तर 409, सर्व्हर बिघडला तर 500 अशी सोय असताना सगळ्याला 200 देणे हा निव्वळ आळस. ब्राउझरमधला, सर्व्हरकडून माहिती मागवणारा फेचही 404 (सापडले नाही) किंवा 500 आल्यावर स्वतःहून एरर फेकत नाही. उत्तरातले 'ओके' खरे आहे का, हे आपणच पाहायचे. कोड 200 ते 299 मध्ये असेल तरच ते खरे असते. टाइमआउटचा, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न येण्याचा, अर्थ तर होकारही नव्हे, नकारही नव्हे. काम झालेले असू शकते, फक्त उत्तर वाटेत हरवले. अशा वेळी नुसते पुन्हा पाठवले की फी दोनदा कापली जाते. प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवे काम न करता आधीचेच उत्तर द्यायचे, हा यावरचा रुळलेला तोडगा.

म्हणून परीक्षकांना एक विनंती आहे. एक्सटर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) जर्नलवर सही करण्याआधी विद्यार्थ्याला त्याच्याच फंक्शनमधली प्रिंटची ओळ खोडायला सांगावी आणि तेच फंक्शन बेरजेत वापरून दाखवायला सांगावे. दुसरे, संख्येच्या जागी मुद्दाम अक्षरे टाइप करून पाहावीत. दोन्हीला मिळून पाच मिनिटे पुरतात. विद्यापीठे आणि मंडळाने आउटपुटच्या प्रिंटचे गुण कमी करून त्यातले निम्मे या दोन कसोट्यांना द्यावेत.

— संगणकशास्त्र शिकवणारे दोन शिक्षक, सांगली