एफडी मोडू नका, बाबा

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

परवा दादाचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "बाबा बँकेत चौकशी करून आलेत, मुदतीआधी एफडी मोडली तर किती कापतात म्हणून." कशासाठी, तर माझ्यासाठी. मला चांगला कॅमेरा, लाइट आणि जमलं तर एखादा गाळा घेऊन स्टुडिओ थाटून द्यायचा. आई, तुझीही संमती आहे म्हणे. ऐकून डोळे भरून आले, आणि पाठोपाठ धसकाही बसला. बाबा, ती एफडी मोडू नका. फोनवर हे सांगायला गेले की आई "जेवलीस का?" विचारते, तुम्ही "बरं, बघू" म्हणता आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा.

तुमच्या मनात हे का आलं ते मला कळतं. बाबा, तुमचा आग्फा क्लिक थ्री अजून कपाटात आहे. बडोद्याला बनलेला, एका रोलमध्ये बारा फोटो काढणारा. पगारातून पैसे बाजूला टाकून एकदा घेतला आणि आमची सगळी लहानपणं त्यानेच टिपली. शिवाय गावभागातला तो स्टुडिओ तुमच्या डोळ्यांसमोर असणार: मागे रंगवलेला पडदा, दोन छत्र्या, काउंटरवर पासपोर्ट फोटोंची पाकिटं. शाळेच्या फॉर्मला फोटो हवा, मुलगी दाखवायला फोटो हवा, लोक त्याच्याकडे चालत यायचे. त्याचं दुकान हेच त्याचं भांडवल होतं.

माझ्या कामात मीच लोकांकडे जाते. आज गोरेगावात दागिने, उद्या चाकणच्या एमआयडीसीत एखादा कारखाना, परवा कुणा डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांचं पोर्ट्रेट. दर कामाला वेगळं सामान लागतं. दागिन्यांना मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारकावे टिपणारी, आणि तीही पुरत नाही. पुढच्या मण्यावर फोकस केला की मागची कडी धूसर होते, म्हणून फोकस थोडा थोडा मागे सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि ते नंतर एकात एक जोडायचे. अत्तराच्या बाटलीला वेगळे लाइट, कारखान्यात बॅटरीवर चालणारे. हे सगळं विकत घ्यायचं तर एक एफडी कुठे पुरणार? आणि पुरली तरी मी घेणार नाही. अंधेरीत हे सामान दिवसाच्या भाड्याने मिळतं. सामानाबरोबर लाइटदादा येतो, त्याला कुठला लाइट कुठे लावायचा हे माझ्याइतकंच कळतं. हे भाडं मी आधीच कामाच्या अंदाजपत्रकात लिहिते आणि गिऱ्हाईक ते देतं. स्टुडिओही शिफ्टवर मिळतो. स्वतःचा गाळा घेतला तर काम असो नसो, मेंटेनन्स आणि विजेचं बिल दर महिन्याला माझ्याच माथी.

माझ्या मालकीच्या आहेत दोन कॅमेरा बॉड्या, एक २४-७० मिमीची झूम लेन्स आणि एक ८५ मिमीची लेन्स. दुसरी बॉडी अशासाठी, की ऐन कामात पहिली बंद पडली तर समोरच्याला "उद्या या" म्हणता येत नाही. या सगळ्याचा विमा आहे. माझाही आहे, दर वर्षी न चुकता भरते.

आई, हळदीच्या पाकिटावरच्या फोटोचं काम चालू होतं तेव्हा तुला फोन केला होता, आठवतं? तू विचारलंस, "हळदीचा फोटो काढायला दिवस कशाला लागतो?" तेव्हा गडबडीत होते, आता सांगते. पिवळा रंग कॅमेऱ्याला फार जड जातो. कॅमेरा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन हिश्श्यांत मोजतो. हळदीत निळा जवळजवळ नसतोच आणि लाल मात्र काठोकाठ असतो. एकूण उजेड बरोबर दिसतो, पण आत लाल आधीच उतू गेलेला असतो. मग ढिगावरचे कण, खळगे, सावल्या सगळं पुसलं जातं आणि ताटलीत कुणी पिवळा ऑइलपेंट ओतलाय असं दिसतं. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघत उजेड कमी करत जावं लागतं. कंपनीचे लोक मागे उभे राहून "अजून ब्राइट, अजून ब्राइट" म्हणत असतात, आणि आपण त्यांना स्क्रीनवर मोठं करून दाखवायचं की बघा, इथे हळद संपली आणि नुसता रंग उरला.

एक लाइट अगदी खाली, टेबलाच्या उंचीवर आडवा लावला. पुढे बटर पेपर, म्हणजे उजेड मऊ होतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, सावली अगदी काळी पडू नये म्हणून. तरी ढीग खडबडीत दिसत होता, गुठळ्या गुठळ्या. तेव्हा तुला फोन केला आणि तू म्हणालीस, "वस्त्रगाळ कर की!" मलमलीच्या फडक्यातून वरून हळद झटकली आणि ढिगाला जी साय आली ती सगळ्यांनी पाहिली. मग चमच्याने मधोमध एक घळ काढली. त्या घळीची एक कड उजेडात आणि एक कड सावलीत, आणि कडेवरून सुटलेले चार कण. पाकिटावर छापलेला फोटो तोच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही दोघं किती खूश झाला होता. त्या हळदीचा रंग छापील पाकिटावर खरा उतरावा, यासाठी मी दिवसभर उभी होते आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

पोर्ट्रेटचं काम मात्र सामानावर फारच कमी अवलंबून असतं. मागच्या वर्षी एका इंजिनिअरिंग कंपनीच्या वार्षिक अहवालासाठी गेले होते. साहेब लोकांचे फोटो झाले, आणि मग शॉपफ्लोरवरचे, लेथ मशीन चालवणारे एक टर्नरकाका. निवृत्तीला आलेले. त्यांना कुणीतरी नवा कोरा युनिफॉर्म दिला होता, घडी मोडलेली नव्हती. कॅमेरा दिसताच ते सावधानमध्ये उभे राहिले, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटवलेले. मी लाइट बंद करायला सांगितले. जुन्या कारखान्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असतात, त्यांच्या उत्तरेकडच्या काचांतून दिवसभर सारखा, शांत उजेड येतो. त्यांना तिथे त्यांच्याच लेथजवळ नेलं. म्हणाले, "हात धुऊन येतो, बाई." म्हटलं, "नका धुऊ." त्यांच्या हातात त्यांचाच मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, दिला आणि विचारलं, "यात किती मोजता येतं?" काका सांगायला लागले. अंगठा आणि बोट त्या बारीक चक्रावर आपोआप गेलं, खांदे उतरले, डोळे बारीक झाले. नखांत तेल, बोटाच्या पेरावर एक जुना पांढरा व्रण. मी खाली बसले, म्हणजे कॅमेरा त्यांच्या नजरेच्या किंचित खाली राहिला, आणि बोलत बोलत फोटो घेतले. कंपनीने अहवालात साहेबांच्या फोटोला मागे टाकून तो पूर्ण पानभर छापला. काकांच्या घरी एक मोठी प्रिंट मी माझ्याकडून पाठवली.

आई, तुला गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे किती आवडायचे. मासिकातली पानं तू कापून ठेवायचीस. तेही आधी लिंटास या जाहिरात कंपनीत होते, मग स्वतंत्र काम करायला लागले. त्यांच्या फोटोत समोरचा माणूस निवांत बसलेला दिसतो, आणि तो तसा बसावा यासाठी बोलावं लागतं, ऐकावं लागतं, थांबावं लागतं. हे दुकानात मिळत नाही, एफडीतूनही नाही. तुमच्याच घरातून मी ते घेऊन आले आहे. आल्यागेल्याला आधी पाणी, मग चौकशी, मग कामाचं बोलणं.

बाबा, आता पैशाचं. तुम्हाला कायम वाटतं की माझ्या खात्यात पैसे येतात तसे जातात आणि कधी येतील याचा भरवसा नाही. भरवसा नाही हे अर्धं खरं. काम ठरलं की निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय मी तारीख देत नाही. उरलेले बिलावर. आणि बिलात नुसती मजुरी नसते. फोटो कुठे वापरणार, किती काळ वापरणार, हे लिहिलेलं असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमात असं आहे, की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसल्यास हक्क त्या पैसे देणाऱ्याचा होतो. म्हणून वेगळा करार करावाच लागतो. हक्क माझा, आणि वापराची परवानगी ठरलेल्या काळापुरती. तुम्ही स्टँपपेपरची ओळ न् ओळ वाचायला लावायचात ना, ती सवय इथे रोज कामाला येते. एका कंपनीने फोटो वर्षभर वेबसाइटसाठी घेतले होते, नंतर त्यांना तेच होर्डिंगवर हवे झाले. तेव्हा पुन्हा पैसे आले, नवं शूट न करता.

"दहा टक्के कुणी कापले?" असं तुम्ही एकदा पासबुक बघून विचारलं होतंत. तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. माझ्याच नावावर जमा होतो, २६एएस या आयकर खात्याच्या पत्रकात दिसतो आणि रिटर्न भरल्यावर हिशेबात धरला जातो.

उशीर होतो, हे खरं आहे. एका एजन्सीने पावसाळ्यातलं बिल दिवाळी उलटून गेल्यावर दिलं, आणि त्या काळात भाड्याच्या सामानवाल्याचे पैसे मी माझ्या शिलकीतून चुकते केले. राग आला होता आणि अजूनही येतो. माझ्यासारख्या एकट्या माणसाचे पैसे अडवून मोठ्यांनी आपलं खेळतं भांडवल फिरवावं, हे मला मुळीच मान्य नाही. पण आता कायदा आपल्या बाजूला आहे. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नोंद, झालेली आहे. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाईक कंपनीला त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे वाक्य मी आता प्रत्येक बिलाच्या खाली छापते. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात.

कामाचे महिनेही आता मला पाठ झालेत. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दिवाळी, या सगळ्यांच्या जाहिराती दोन-तीन महिने आधी शूट होतात. तुमच्याकडे दिवाळी येते तेव्हा माझी दिवाळी होऊन गेलेली असते. त्या भरतीतला ठराविक हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते आणि ओहोटीच्या महिन्यांत त्यातून घर चालवते.

एक काळजी मात्र खरी आहे, तीही सांगते. पांढऱ्या मागच्या पडद्यावर साबणाची वडी, बूट, डबे, असले कॅटलॉगचे फोटो आता संगणकच बनवून देतो आणि ते काम माझ्याकडून झपाट्याने कमी होत चाललंय. म्हणूनच मी माणसांकडे आणि कारखान्यांकडे वळले. टर्नरकाकांची बोटं कुणी बनवून दिली तर ती त्यांची नसतील, आणि ज्या कंपनीला आपली खरी माणसं दाखवायची आहेत तिला कुणाला तरी तिथे पाठवावंच लागेल. अशा वेळी गाळ्यात पैसा अडकवून बसणं मला परवडणारं नाही. हलकं राहणं, बॅग उचलून जाता येणं, हीच माझी ताकद आहे.

आई, तू नेहमी म्हणतेस, मुलीच्या जातीने एकटीने कुठे कुठे फिरायचं. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. पण सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. माझ्या बिलावर पहिल्या दिवसापासून माझं नाव आहे आणि त्याच्या खाली तुम्ही दिलेलं आडनाव. मी एकटी नसतेच गं. सोबत असिस्टंट असते, लाइटदादा असतो, आणि लांबचं काम असेल तर मुक्कामाचा खर्च कंपनीचा.

तर बाबा, एफडी आहे तशी राहू दे. तिचं व्याज तुमच्या औषधांना आणि आईच्या फिजिओथेरपीला लागतं. मुदत संपली की त्यातून आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या. ती "होतंय की" म्हणत चालढकल करते, तिचं ऐकू नका. त्यासाठी कमी पडले तर मी आणि दादा आहोत.

तुम्हाला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर मला तुमचं डोकं हवंय. पतसंस्थेत इतकी वर्षं वसुली सांभाळलीत. माझ्या थकलेल्या बिलांची वही तुम्ही ठेवाल का? दर सोमवारी मी यादी पाठवीन: कुणाचं बिल, कुठल्या तारखेचं, ४५ दिवस कधी भरतात. कुणाला कुठल्या भाषेत पत्र लिहायचं हे तुमच्याइतकं मला जमत नाही. तुमचा मसुदा, माझी सही. पुढच्या महिन्यात येते तेव्हा गेल्या वर्षाची सगळी बिलं आणि २६एएस घेऊन येते, बसून ताळा करू. तोवर तुम्ही एवढंच बघा की एफडीच्या पावतीवर नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलंय का. दादा म्हणत होता, नूतनीकरणाच्या वेळी ते राहून गेलं असावं.

दोघंही तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी