हात वर केला आणि तुम्ही थांबलात

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

काल रात्री दोन्ही बाजूंनी चावून जेवलो. मटण, भाकरी आणि वर कच्चा कांदा. नळी तेवढी फोडली नाही, तुम्ही नको म्हणालाय म्हणून. रूट कॅनल केलेल्या डाव्या दाढेवर कॅप बसवून जेमतेम चार दिवस झालेत आणि जेवताना जीभ अजून सवयीनं घास उजवीकडंच ढकलते. डावी बाजू चालू झालीय हे तिला कळायला वेळ लागणार. आमची मंडळी माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. म्हटली, "पत्र लिहा त्यांना. तोंडानं तुम्ही काय आभार मानणार नाही." तर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हालाच ते आवडणार नाही. पण पत्र उघड लिहितोय, कारण माझ्यासारखे गडी आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात दर शेडमागं एक आहेत आणि सगळे गालात लवंग धरून बसलेत.

माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दिवसभर ड्रिल आणि ग्राइंडरच्या आवाजात असतो. आवाज बंद झाला तर उलट मलाच चैन पडत नाही. तरुणपणी तालमीत होतो, कान बघितले की कळतं. एकदा पत्र्यानं तळहात फाटला, तेव्हा टाके पडत असताना मी डॉक्टरांशी खासबागेतल्या कुस्त्यांच्या गप्पा मारत होतो. आणि हाच माणूस दातांच्या दवाखान्याच्या जिन्यात कठडा धरून उभा. पुढची पायरी चढायला पाय उचलत नव्हता.

लोकांना ह्यात फक्त गंमत दिसते. "एवढा आडदांड गडी आणि सुईला भितो!" असं म्हणून जो तो हसला. मेहुणा हसला, वर्कशॉपमधली पोरं हसली. बाई भ्याली तर तिला निदान पाणी तरी विचारतात. मिशीवाला भ्याला की करमणूक.

तुमच्या आधी एक डॉक्टर झाले. नाव सांगत नाही, गावही नाही. लहानपणी कंपाउंडरनं डोकं काखेत दाबून दाढ उपटलेली, तेव्हापासून माझी तंतरलेलीच होती. तरी मन घट्ट करून मी ह्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो. त्यांनी सुई दिली, ओठ बधिर झाला का विचारलं. झाला होता. लगेच मशीन चालू. आणि जी कळ गेली ती थेट कानातून टाळूपर्यंत. मी ओरडलो. ते म्हणाले, "भूल दिलीय, दुखणं शक्यच नाही. तुमच्या मनाचं आहे." मी म्हटलं, खरंच दुखतंय. "झालंच, झालंच," म्हणाले आणि पुन्हा घातलं. शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडं बघून हसलेसुद्धा. त्यांनी आधी काय सांगितलं होतं माहीत आहे? "दुखलं तर सांगा हं." मी सांगितलं की! गळ्यातला तो कागदी रुमाल तसाच ठेवून जिना उतरलो. ॲडव्हान्स दिला होता, तो मागायलाही परत गेलो नाही.

मग मेडिकलमधून गोळ्या. पोट जळायला लागलं की दोन दिवस बंद, मग पुन्हा गोळ्या. सल्ले तर फुकट. कोण म्हणालं वरचा दात काढला की नजर जाते. अहो, माझी खालची दाढ! कुणी मोबाईलवर पाठवलं की रूट कॅनलनं कॅन्सर होतो. पडलं की ठणका दुप्पट व्हायचा म्हणून भिंतीला टेकून बसून रात्री काढल्या. शेवटी शेवटी लेथवर गार पाण्याची बाटली ठेवायचो. घोटभर तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं शांत वाटायचं, गिळलं की पुन्हा सुरू.

तुमच्याकडं मला मंडळीनं ओढून आणलं. फॉर्मवर एक प्रश्न होता, दातांच्या उपचाराची भीती वाटते का? मी कोऱ्या चौकोनाकडं बघत बसलो. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि "खूप" वर खूण केली. तुम्ही फॉर्म वाचलात, पण हसला नाहीत. "घाबरू नका" पण म्हणाला नाहीत. त्या शब्दानं आजवर कुणाची भीती गेलीय? तुम्ही म्हणालात, "आज एक एक्स-रे काढू आणि बोलू. आज काहीच करायचं नाही." आणि खरंच काही केलं नाहीत. खुर्ची आडवीसुद्धा केली नाहीत.

मग विचारलंत, "गार पाणी धरलं की बरं वाटतं का?" मी गारच पडलो. हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, दाढेच्या आतली नस पार सुजली की असं होतं. बाहेरून दाढ कडक, आत सुजेला पसरायला जागा नाही, म्हणून तो ठणका. आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा जोर वाढतो, म्हणून रात्री जास्त. आणि पुढं म्हणालात की कधीतरी हे सगळं एकदम थांबेल. तेव्हा बरं झालं असं समजू नका, नस मेली असं समजा. कॅन्सरचं विचारलं, तर त्यावरही चिडला नाहीत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिका-इंग्लंडकडच्या डॉक्टरांना वाटायचं की सांधेदुखीपासून सगळे रोग खराब दातातून येतात, त्या नादात त्यांनी लोकांचे दात ढिगानं उपटले, पुढं ते मत टिकलं नाही, पण त्याची शेपटी अजून मोबाईलवर फिरतेय. हे ऐकून मला हसू आलं. त्या खुर्चीत बसून मी हसलो, मॅडम!

जिन्यातल्या त्या वासाचं मी तुम्हाला विचारलं होतं. वर्षानुवर्षं तो वास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. तुम्ही डबी उघडून पुढं केलीत. लवंग! तात्पुरत्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं म्हणे. म्हणजे आई दाढेत धरायला द्यायची तेच औषध, आणि मी त्यालाच भीत होतो.

आणि माझा धंदा कळल्यावर तुम्ही हत्यारं समोर मांडलीत. एअरोटर, म्हणजे दाढ कोरायचं तुमचं ड्रिल, हवेवर फिरतो, मिनिटाला तीन-साडेतीन लाख फेरे! आमचं ड्रिल दोन हजारांवर गेलं तरी मी पोरांवर ओरडतो. पाण्याचा फवारा म्हणजे आमचं कुलंटच, हत्यार गार ठेवणारं. आणि दाढेच्या मुळात उतरून साफ करणारी फाइल मात्र तीनशेच्या आसपास फिरणारी, निकेल-टायटॅनियमची, वाकवली तरी पुन्हा सरळ होणारी. लाल खुणेची म्हणजे पंचवीस नंबर, टोकाला पाव एमएम. जास्त जोर पडला की मोटर आपोआप उलटी फिरते. मी ती फाइल उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली. ह्यानं भीती गेली असं म्हणणार नाही, खोटं कशाला लिहू? पण रात्री पडल्या पडल्या डोक्याला चघळायला दुसरं काहीतरी मिळालं.

"सकाळचा पहिला नंबर घ्या आणि पोटभर जेवून या," म्हणालात. मी आपला उपाशी यायच्या तयारीत होतो. दिवसभर वाट बघत कुढण्यापेक्षा सकाळी सकाळी मोकळं होणं बरं, हे मला कधी सुचलं नसतं. सुईच्या आधी सांगितलंत की औषधात थोडं ॲड्रेनालिन असतं, थोडा वेळ छाती धडधडेल, ती औषधानं, तुमच्या घाबरण्यानं नाही. आणि धडधडली. दरवेळी मला वाटायचं आता हार्ट ॲटॅकच येणार. ह्यावेळी मी नुसता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो, आणि ओसरली.

ओठ बधिर झाला. मी तयार. तुम्ही मात्र थांबलात. गार फवारा मारलेला कापूस दाढेला लावलात आणि मी दचकलो. तुम्ही म्हणालात, "ओठ बधिर झाला म्हणजे दाढ झालीच असं नाही. एवढा दाह असला की खालच्या दाढेला भूल नीट लागत नाही, पुष्कळांना होतं असं. मागच्या वेळीही तेच झालं असणार. तुम्हाला खरंच दुखत होतं." आणि आणखी भूल दिलीत.

मॅडम, हे तुम्ही सिरिंज भरता भरता सहज बोललात. मी इतकी वर्षं स्वतःला भित्रा म्हणत होतो. मनाचं नव्हतं तर ते! डोळ्यांतून पाणी आलं, ते तुम्ही सुईचं समजला असाल तर चालेल.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो. तुम्ही म्हणालात, "डावा हात वर केला की मी थांबेन." असं सगळेच म्हणतात. मशीन चालू झालं, तो आवाज डोक्यात घुमायला लागला. दुखत काहीच नव्हतं. तरी मी हात वर केला, बघायला. आवाज तिथंच बंद. नुसतं थांबवलं नाहीत, तर एअरोटर तोंडातून बाहेर काढून स्टँडला अडकवलात, दोन्ही हात मागं घेतलेत आणि माझ्याकडं बघितलंत. "दुखलं?" मी मान हलवली, नाही. बाहेर बाकड्यावर पेशंट जमले होते, त्यांचे आवाज आत येत होते. तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरलेल्या तुमच्या मदतनीस ताईंचा हात अवघडला होता. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही मास्कच्या आतून म्हणालात, "ब्रेक लागतोय का बघितलात ना? बरं केलंत. आता आणखी एकदा बघा." आणि पुन्हा चालू करून मला दुसऱ्यांदा हात वर करायला लावलात. पुन्हा तसंच, मशीन बंद, स्टँडला, हात मागं.

आमच्याकडं नवीन पोरगं मशीनवर उभं राहिलं की मी त्याला आधी लाल बटण दाबायला लावतो. मशीन फुल स्पीडला असताना दाबायचं, म्हणजे त्याच्या हाताला खात्री पटते. हे मी पोरांना शिकवत आलो, पण माझ्यासाठी ते बटण कुणी तरी ठेवेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर एकदाच हात वर केला. तेव्हा खरोखर कळ आली होती. तुम्ही तशाच थांबलात, "कुठं?" एवढंच विचारलंत आणि भूल वाढवलीत. पुढचं मला फारसं आठवत नाही. तोंडात दाढेभोवती ताणलेलं ते निळं रबर होतं आणि मुळाची लांबी मोजणारं यंत्र बीप बीप करत होतं, इतकं ध्यानात आहे. ते अर्ध्या एमएमपर्यंत मोजतं ह्याचंच मी कौतुक करत पडलो होतो. मध्येच डोळा लागला म्हणून ताई हसल्या, ते हसणं मात्र चांगलं होतं.

घरी जाताना मला माझी आई आठवली. शेवटच्या आजारात ती सरकारी दवाखान्यात होती. तिथं एक सिस्टर होत्या, रात्रपाळीच्या. एवढ्या मोठ्या वॉर्डात एकट्या. सलाईनची सुई टोचायच्या आधी म्हणायच्या, "आजी, टोचू का?" आणि आई "हं" म्हणेपर्यंत उभ्या राहायच्या. आई कधी कधी "हं" म्हणायला मुद्दाम वेळ लावायची. तेवढीच तिच्या हातात राहिलेली गोष्ट होती. केएमटीच्या सिटी बसचे एक ड्रायव्हर आहेत आमच्या रूटला, म्हाताऱ्या बाईनं दांडा धरल्याशिवाय गाडी हलवत नाहीत, मागून कितीही हॉर्न वाजोत. अशा माणसांना बक्षीस मिळत नाही, पेपरात फोटो येत नाही. उलट "वेळ घालवतात" म्हणून बोलणी खातात. पहिले डॉक्टर हुशार नव्हते असं नाही, भिंतीवर तुमच्याहून जास्त सर्टिफिकिटं होती. त्यांना फक्त समोरच्या माणसाचं खरं वाटत नव्हतं.

माझा शेजारी, फाउंड्रीवाला, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं येतोय. त्याला काहीच भीती नाही असं तो सांगेल. फॉर्मवर "नाही" वर खूण करेल. विश्वास ठेवू नका, त्याची गालफडं सुजलीत आणि तो तीन महिने जिन्याखालून परत फिरतोय.

आणखी एक. तुमच्या मागच्या खोलीतला कॉम्प्रेसर हादरतोय. खुर्चीत पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकत होतो. खालचे रबरी पॅड गेलेत, आणि एक बोल्टही ढिला असणार. तो असाच चालला तर पाइपाचा जोड सुटेल. पॅड मी करून ठेवलेत, साइज अंदाजानं घेतलीय पण बसेल. येत्या सुट्टीला दवाखाना बंद असेल तेव्हा ताईंकडं किल्ली ठेवा, तासाभराचं काम आहे. पैशाचं काढू नका, मी घेणार नाही.

आपला,
उद्यमनगरातला लेथवाला