पाळी येण्याआधीची दोन वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१४पासून २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास पॅड आणि स्वच्छतेवर भरपूर छापून येतं, यायलाच हवं. पण मुलीशी या विषयावर केव्हा बोलायचं, हे पालकांना कुणी सांगत नाही. बहुतेक घरांत पहिला डाग दिसल्यावरच तोंड उघडलं जातं. तोवर पोर घाबरून अर्धी झालेली असते.

शरीर मात्र बरंच आधी सांगत असतं. साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान स्तनांची वाढ सुरू होते. सुरुवातीला स्तनाग्राखाली छोटीशी, दुखरी गाठ लागते, कधी कधी एकाच बाजूला. ती पाहून आई धास्तावते, पण ही नेहमीची वाढ आहे. तिथून पाळी यायला सहसा दोन-अडीच वर्षं लागतात. मध्येच उंची भराभर वाढते, पाळीच्या काही महिने आधी अंगावरून पांढरं जाऊ लागतं. एवढा अवधी हाताशी असतो! रक्त कुठून येतं, का येतं, पॅड कसं लावायचं, चार-सहा तासांनी का बदलायचं, हे सगळं थोडं थोडं, सहज बोलत सांगता येतं. वडिलांनाही हे माहीत हवं. घरात त्या दिवशी तेच एकटे असू शकतात.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पाळी सुरू झाल्यावर मुलीची कोणतीही तक्रार ‘होतं असं, सवय होईल’ म्हणून उडवली जाते. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होते, हे खरं. सुरुवातीला दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, त्यामुळे २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. पण दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांवर जात असेल, तर सवयीची वाट पाहू नये. रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार कधी कधी पाळी सुरू झाल्यावरच लक्षात येतो. आणि नकळत अंगातलं लोह संपत जाऊन मुलगी थकलेली, फिकट दिसू लागते. आपण मात्र तिला आळशी ठरवतो. पोटात कळा येतात त्या गर्भाशय आकुंचन पावल्यामुळे. शेकल्याने, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने त्या थांबायला हव्यात. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर ते दुखणं तपासूनच घ्यायला हवं. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली, तेरापर्यंत झालीच नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवावं.

प्रत्येक पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख मुलीने स्वतः लिहून ठेवली, तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

आपल्या आरोग्य पुरवणीत ही वयं आणि ही लक्षणं एका चौकटीत, कापून कपाटाला चिकटवता येतील अशी छापावीत, ही विनंती.

– एक पालक