म्युनिकचे बेलोव्ह दोन होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या खेळाच्या पानावर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक बास्केटबॉल फायनलवर (सोव्हिएत युनियन विरुद्ध अमेरिका) लेख आला, खूप बरं वाटलं, नाहीतर क्रिकेट सोडून आमच्या वाट्याला काय येतं? पण एक घोळ झालाय. शेवटची बास्केट टाकणारा बेलोव्ह आणि तुम्ही फोटो छापलाय तो मिशीवाला बेलोव्ह, हे दोन वेगळे, नुसते आडनावबंधू.

शेवटची बास्केट अलेक्झांडरची. तीन सेकंद राहिलेले, त्याच्याच टीममधल्या एदेश्कोने पार दुसऱ्या टोकाहून बॉल भिरकावला, दोन अमेरिकन अंगावर असताना या २० वर्षांच्या पोराने तो झेलला न आत टाकला, सोव्हिएत युनियन ५१-५० ने जिंकलं. ती तीन सेकंदं पुन्हा पुन्हा खेळवली म्हणून अमेरिकेने सिल्व्हर घेतलंच नाही, अजूनही नाही. फोटोतला सर्गेई, १० नंबरवाला. त्या ५१ मधले २० पॉइंट त्याचे एकट्याचे, पण लोकांना शेवटचे दोनच आठवतात, काय करणार.

या सर्गेईची पुढची गोष्ट लेखात असायला हवी होती असं मला वाटतं. १९८० ला मॉस्कोत ऑलिंपिकची ज्योत त्यानेच पेटवली. व्हिडिओ बघा, स्टेडियममधल्या लोकांनी डोक्यावर फळ्या धरल्यात आणि हा हातात मशाल घेऊन त्यांच्यावरून पळत वर चाललाय, माझ्या तर बघतानाच पोटात गोळा येतो. आपली बास्केटबॉल टीम ऑलिंपिकला एकदाच गेली ती याच मॉस्कोला, सातच्या सात मॅच हरली, त्यात सर्गेईच्या टीमने आपल्याला १२१-६५ असं धुतलं. (घरच्या मैदानावर त्यांनाही ब्राँझच मिळालं म्हणा!)

खेळणं थांबल्यावर तो कोच झाला, १९९३ ते ९८ रशियाच्या बास्केटबॉल फेडरेशनचा अध्यक्ष पण होता, आणि त्याच काळात नॅशनल टीमचा कोच, १९९४ आणि १९९८ दोन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिपला सिल्व्हर. पण मला आवडतं ते त्याच्या पुढचं. खुर्ची सुटल्यावर हा माणूस मॉस्को सोडून लांब उरलकडे पर्म शहरात जाऊन एका क्लबचा कोच झाला आणि २००१, २००२ दोन्ही वर्षं रशियाची लीग जिंकून दिली, त्याआधी नऊ वर्षं ती सीएसकेए म्हणजे त्याच्याच जुन्या आर्मी क्लबकडे होती! २०१३ ला तो गेला तोही पर्ममध्येच.

खेळलेला अध्यक्ष असा असतो. नाहीतर आमच्याकडे मागच्या वर्षी एका स्पर्धेच्या उद्घाटनाला एक पदाधिकारी आले होते, फोटोसाठी बॉल हातात दिला तर तो कलिंगडासारखा पोटाशी धरून उभे राहिले, मागे आमची पोरं तोंड दाबून हसतायत. पोरांना गप्प करायचं काम माझं, पण मलाच हसू आवरेना.

असो. दुरुस्ती छापाल तेव्हा अलेक्झांडरचा फोटो टाका. तो बिचारा १९७८ लाच गेला, अवघ्या २६ व्या वर्षी, त्यामुळे चांगला फोटो पटकन सापडणार नाही, पण फायनलचा व्हिडिओ शेवटच्या बास्केटला थांबवलात तर त्यात दिसेल.

आपला,
एक जुना खेळाडू आणि रोजचा वाचक, नाशिक