दुखापतीचा अहवाल लिहायचा कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं 'अपंगत्व पेन्शनची खिरापत' हे पत्र वाचलं. निवृत्त होणाऱ्या फौजींना अपंगत्व पेन्शन खिरापतीसारखी वाटली जाते, असं त्याचं म्हणणं. पत्रलेखक शिकलेले दिसतात, भाषाही सभ्य आहे, म्हणून जास्त लागलं. 'चाळिशीनंतर खांदा कुणाचा दुखत नाही?' असं ते विचारतात. माझाही दुखतो. मी प्राथमिक शिक्षिका आहे, फळ्यावर लिहून लिहून संध्याकाळी हात भरून येतो. पण म्हणून माझा खांदा झोपेत कूस बदलताना निखळत नाही. माझ्या यजमानांचा निखळतो.

ते पायदळातून हवालदार म्हणून २०१८ साली निवृत्त झाले. बीपीईटीच्या, म्हणजे फौजेतल्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीच्या, सरावात उभ्या दोरावरून पडले आणि उजवा खांदा निखळला. वय तेव्हा चोवीस. दिवसाढवळ्या, ड्युटीवर, सगळ्या प्लाटूनसमोर पडले. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना, तिथून मिलिटरी हॉस्पिटल, खांदा बसवून हात गळ्यात, मग सिक लीव्ह. तरुण वयात खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची भीती फार असते, कारण खोबणीच्या कडेची कूर्चा फाटलेली असते. डॉक्टर त्याला बँकार्ट लीजन म्हणतात. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही झाली, तरी खांदा पहिल्यासारखा झाला नाही. एसटीत उभं राहायची वेळ आली तर ते वरच्या दांडीला उजवा हात लावत नाहीत. वैरणीचा भारा डोक्यावर घेणं बंद झालं. सदरा घालताना आधी उजवी बाही, तीही डाव्या हाताने ओढून.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड झालं. अपंगत्व वीस टक्के, आजन्म, असं बोर्डानेच लिहिलं. आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, की हे सेवेमुळे झालेलं नाही, सेवेत वाढलेलंही नाही. कारण काय, तर दुखापतीचा अहवाल उपलब्ध नाही.

संपादक महाराज, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यापाशी आहे. दुखापतीचा अहवाल म्हणजे आयएएफवाय २००६ हा फॉर्म. तो युनिटने भरायचा असतो. डॉक्टरने लिहायचं, कमांडिंग ऑफिसरने मत देऊन सही करायची. जवानाचं त्यात काम काही नाही. तो तर हात गळ्यात बांधून वॉर्डात पडलेला असतो. त्या महिन्यात युनिट फील्डला हलत होती, गडबडीत कागद राहिला असेल. राहिला तो कुणाकडून? आणि भोगायचं कुणी?

नियम याच्या उलट सांगतात. अपंगत्व पेन्शनच्या १९८२च्या पात्रता नियमांतला नववा नियम म्हणतो, की हक्क सिद्ध करण्याचा बोजा जवानावर टाकायचा नाही आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. २००८च्या नियमांतही बोजा साधारणपणे त्याच्यावर नाही. सेवामुक्तीनंतर पंधरा वर्षं उलटून मागणी केली तरच तो त्याच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात जुलै २०१३ मध्ये सांगितलं, की भरतीच्या वेळी ज्या दुखण्याची नोंद नाही ते सेवेत उद्भवलं असंच धरायचं, आणि बोर्डाला तसं वाटत नसेल तर बोर्डाने कारणं लिहायची. भरतीच्या वेळी यांचा खांदा धड होता. नसता तर घेतलं असतं का?

हे सगळं आम्ही पहिल्या अपिलात लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं, बोर्डाचं मत कायम. दुसऱ्या अपिलालाही तेच वाक्य, फक्त जावक क्रमांक वेगळा. निकालाचं नावसुद्धा उत्तरात नाही. मग माहितीच्या अधिकारात हॉस्पिटलचे कागद मागवले. डिस्चार्ज स्लिपची प्रत आली. तीत स्वच्छ लिहिलं आहे, प्रशिक्षणात दोरावरून पडून खांदा निखळला. म्हणजे बोर्डाला जो पुरावा मिळाला नाही तो लष्कराच्याच कपाटात होता. ती स्लिप वाचली त्या दिवशी हे जेवले नाहीत. पैशांचं दुःख नव्हतं ते. आपण खोटं बोलतोय असं इतकी वर्षं कुणीतरी गृहीत धरलं होतं, ते लागलं.

पत्रलेखकांनी महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधल्या अहवालाचा दाखला दिला आहे. तो पूर्ण द्यायला हवा होता. अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांपेक्षा कितीतरी जास्त आहे, असं त्याच अहवालात आहे. कुणी गैरफायदा घेत असेल तर जरूर पकडा. पण दोरावरून पडलेल्या हवालदाराला त्या रांगेत उभं करू नका.

रक्कम किती, तेही लिहिते. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. आमचे वीस टक्के मान्य झाले तर ते पन्नास धरले जातील, म्हणजे पगाराच्या पंधरा टक्के. ही सवलत ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने आली आणि मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरवून दिलं. हवालदाराच्या पगाराच्या पंधरा टक्क्यांना खिरापत म्हणवतं तरी कसं?

आमच्या शेजारच्या गावातल्या, नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका जवानाची गत आणखी वाईट. त्यांचं अपंगत्व सेवेमुळे हे मान्य झालं, पण टक्केवारी वीसच्या आत लिहिली. वीसच्या आत असलं की नेहमीच्या निवृत्तीत काही मिळत नाही. बोर्डाने कोनमापक लावून हात किती वर जातो ते पाहिलं. निखळणारा खांदा न निखळलेल्या दिवशी पुष्कळ वर जातो हो! हात वर करून बाहेर फिरवला की माणूस अंग चोरतो, ते पाहावं लागतं. वर्षातून किती वेळा निखळतो ते विचारावं लागतं. एमआरआयमध्ये हाडाला खाच पडली आहे का ते बघावं लागतं. नुसत्या कोनावर हे कळत नाही.

जिल्ह्यातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी विनंती आहे, की नकाराचं पत्र आल्यावर ते ट्रंकेत ठेवून देऊ नका. पहिल्या अपिलाची मुदत सहा महिने आहे. डिस्चार्ज स्लिप, एक्सरे, पार्ट टू ऑर्डर (युनिटच्या दप्तरातली जवानाची नोंद), जे हाताशी नसेल ते माहिती अधिकारात मागा. पडताना पाहिलेला सोबती जिवंत असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. आम्ही कोरेगावच्या एका निवृत्त सुभेदारांचं घेतलं. मुदत गेली असली तरी लष्करी न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. मात्र थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून उशीर महागात पडतो.

संपादकांनाही एक सांगायचं आहे. दरवर्षी २६ जुलैला आपण पुरवणी काढता. अपशिंगे मिलिटरी या गावचा स्मारक स्तंभ, पहिल्या महायुद्धात गेलेले गावचे ४६ जवान, सैनिक स्कूलचा फोटो, सगळं असतं आणि ते वाचून अभिमान वाटतो. पण त्या पानांत जाहिरातींना जागा होते आणि अपील कुठे, किती दिवसांत करायचं याला चार ओळी मिळत नाहीत. ज्यांचे आपण फोटो छापता त्यांच्या घरी ही माहिती नसते.

आमचा अर्ज आता लष्करी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आहे. तारखेला पहाटेची गाडी धरावी लागते आणि गर्दीत यांचा उजवा हात सांभाळत मी पुढे चालते. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागलं. सातारा, सांगली, कोल्हापुरात घरटी फौजी असताना न्यायाधिकरणाने वर्षातून काही दिवस इकडे बसावं, ही मागणी आपण लावून धरावी.

डिस्चार्ज स्लिपची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. नाव आणि नंबर झाकून ती छापता आली तर जरूर छापा. नाही जमलं तर कालच्या पत्रलेखकांना तरी दाखवा.

कळावे,
एका माजी हवालदाराची पत्नी,
ता. कोरेगाव, जि. सातारा